यकृतरक्षक वनस्पतीची उंदरांवरची चाचणी: भुईआवळ्याच्या उदाहरणासह, पाला गोळा करण्यापासून काचपट्टीपर्यंत

काविळीवर भुईआवळ्याचा रस द्यायचा, हे कोकणपट्टीत कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. मुंबईतल्या फार्मसी आणि आयुर्वेद महाविद्यालयांत प्रबंधासाठी हा विषय म्हणूनच वारंवार निवडला जातो. साचाही तयार असतो: विस्टार जातीच्या उंदरांचे (रॅट) पाच गट, यकृताला इजा करणारे विष म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड, अर्काची २०० आणि ४०० मिलिग्रॅमची मात्रा, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) उतरले, काम झाले. अडचण अशी की या साच्यात घातलेली बहुतेक कोणतीही वनस्पती ‘यकृतरक्षक’ ठरूनच बाहेर पडते. वनस्पतीत दम नसेल तर ती नापास होऊ शकेल, अशी चाचणी रचायला हवी. पुढचा तपशील त्याच हिशेबाने दिला आहे.

परवानगी आणि उंदरांची संख्या

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे ‘फॉर्म बी’ भरल्याशिवाय आणि मंजुरीचा क्रमांक हाती आल्याशिवाय एकही उंदीर मागवू नये. ही समिती सीसीएसईए या केंद्रीय समितीच्या देखरेखीखाली काम करते. जुन्या प्रबंधांत तिचेच नाव सीपीसीएसईए असे दिसते. प्राणी नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच घ्यावे लागतात.

समिती हमखास विचारते, “गटात सहाच का?” ‘सगळे सहाच घेतात’ हे उत्तर चालत नाही. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करून उत्तर १० ते २० मध्ये यावे, हा एक सोपा नियम आहे. सात गटांत सहा-सहा घेतले तर ४२ वजा ७ म्हणजे ३५ येतात आणि समिती आकडा कमी करायला सांगते. पण विष दिलेल्या गटात एसजीपीटी एका उंदरात ४०० तर शेजारच्यात १,५०० असू शकते. इतका पसारा असताना चार उंदरांवर निष्कर्ष उभा राहत नाही. म्हणून आधी छोटी प्राथमिक चाचणी मंजूर करून घ्यावी, तिच्यातून सरासरी आणि प्रमाण विचलन काढावे आणि त्यावरून संख्या मोजून अर्जात दाखवावी. वजन २० टक्क्यांहून जास्त घटले किंवा उंदीर हालचाल करेनासा झाला तर त्याला वेदनारहित मरण कधी द्यायचे, तेही अर्जातच लिहावे.

पाला कुठून आणि किती

भुईआवळा पावसाळ्यात तणासारखा उगवतो. फुले-फळे धरलेली झाडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुळासकट उपटावीत. रेल्वेरुळांच्या आणि महामार्गाच्या कडेची नकोत, कारण त्यांत शिसे असू शकते आणि शिशाचा यकृतावरचा परिणाम तुमच्या आकड्यांत मिसळतो. राष्ट्रीय उद्यानातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही तोडता येत नाही. वसई, पालघर, कर्जतकडची शेतबांधावरची, कीटकनाशक न मारलेली जागा बरी.

बाजारात ‘भुईआवळा’ म्हणून मिळणाऱ्या वाळक्या पाल्यात फायलँथस या वनस्पतिगटाच्या (भुईआवळा यातलाच) तीन-चार जाती सर्रास मिसळलेल्या असतात. ताजे झाड हाती असेल तर भिंगाखाली फरक दिसतो: फायलँथस अमारसच्या फुलाला पाच पाकळीवजा दले असतात, फ्रॅटर्नसला सहा, युरिनारियाची फळे खरखरीत आणि जवळजवळ बिनदेठाची असतात. तरी स्वतःच्या नजरेवर थांबू नये. मूळ, पान, फूल, फळ असलेला नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवावा, सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमकडून ओळख पटवून घ्यावी आणि नमुना क्रमांक नोंदवावा. वाळून चूर्ण झाल्यावर ओळख पटवायला जाणे म्हणजे उशीर झाला.

किती आणायचा? पुढच्या योजनेत साधारण २० ग्रॅम अर्क लागतो. १५ टक्के उतारा धरला तर १३५ ग्रॅम चूर्ण पुरेल असे वाटते, पण प्रयोग पुन्हा करावा लागला तर अर्क त्याच बॅचचा हवा. म्हणून ५०० ग्रॅम चूर्णाची तयारी ठेवावी. त्यासाठी ताजा पाला अंदाजे तीन किलो.

मुंबईत सगळ्यात जास्त बिघडते ते वाळवणीत. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. वर्तमानपत्रावर सावलीत पसरलेला पाला वाळण्याआधीच आतून बुरशी धरतो. त्यातली एखादी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करणारी निघाली तर यकृतरक्षक म्हणून जे देतो आहोत त्यातच यकृताचे विष असेल. ट्रे ड्रायरमध्ये ४० ते ४५ अंशांवर, पातळ थरात, पान चुरगाळल्यावर तुटेपर्यंत वाळवावे. अफ्लाटॉक्सिन आणि जड धातूंची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी. धातूंच्या मर्यादा: शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३.

अर्क

चूर्ण ४० नंबरच्या चाळणीतून काढावे. एका भागाला दहा भाग ७० टक्के इथेनॉल घालून बंद भांड्यात तीन दिवस ठेवावे, अधूनमधून हलवावे, गाळावे. उरलेल्या चोथ्यावर हेच आणखी एकदा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ५० अंशांच्या खालीच आटवावे आणि शेवटचे पाणी लायोफिलायझरने (गोठवून वाळवणारे यंत्र) काढावे. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून काही जण मिथेनॉल वापरतात. तोंडावाटे द्यायच्या अर्कात ते नको. थोडे जरी मागे राहिले तरी प्रश्न उभा राहतो.

परंपरेत रस किंवा काढा, आणि प्रयोगशाळेत अल्कोहोलचा अर्क, हा फरक लहान नाही. फायलँथिन आणि हायपोफायलँथिन ही लिग्नन द्रव्ये पाण्यात फारशी उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. त्यामुळे काढ्याचा दावा तपासायचा असेल तर काढाच करून, वाळवून द्यावा. अर्क कोणताही असो, त्यात फायलँथिन किती टक्के आहे हे एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी या द्रव्ये वेगळी करून मोजण्याच्या पद्धतींनी मोजून लिहावे. (वनस्पती कुटकी असेल तर पिक्रोसाइड, कालमेघ असेल तर अँड्रोग्राफोलाइड.) तो आकडा नसेल तर दुसऱ्या कुणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

तयार अर्क हवेतला ओलावा ओढून दोन दिवसांत गुळासारखा होतो आणि मग वजन करताना पाणीच मोजले जाते. लहान लहान कुप्यांत भरून, सिलिका जेलसह सीलबंद करून उणे २० अंशांवर ठेवावा. रोज एकच कुपी काढावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

मात्रा हिशेबाने काढा

२०० आणि ४०० मिलिग्रॅम या मात्रा बहुधा आधीच्या प्रबंधातून उचललेल्या असतात. माणसाच्या मात्रेवरून निघावे. चूर्ण दिवसाला ६ ग्रॅम धरू. माणसाची मात्रा २०० ग्रॅमच्या उंदरासाठी काढायला ०.०१८ ने गुणतात: ६,००० मिलिग्रॅम गुणिले ०.०१८ म्हणजे १०८ मिलिग्रॅम, किलोला ५४० मिलिग्रॅम चूर्ण. अर्काचा उतारा १५ टक्के असेल तर किलोला ८१, म्हणजे ८० मिलिग्रॅम अर्क. तेव्हा ८०, १६० आणि ३२० अशा तीन मात्रा घ्याव्यात. परिणाम फक्त किलोला ८०० मिलिग्रॅमवर दिसत असेल तर माणसाला रोज ६० ग्रॅम चूर्ण खावे लागेल, हे वाचकाला कळायला हवे.

त्याआधी तीव्र विषाक्तता चाचणी करावी. ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे तीन मादी उंदरांना किलोला २,००० मिलिग्रॅम एकदाच देऊन १४ दिवस पाहायचे, कुणी दगावले नाही तर आणखी तिघींवर तेच. पहिल्या चार तासांत नजर हलवू नये.

अर्क ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, द्रव घट्ट करणारी पूड) द्रावणात मिसळतात. सीएमसी एकदम ओतले तर गुठळ्या होतात. ढवळत्या पाण्यात भुरभुरून रात्रभर ठेवावे. किलोला १० मिलिलिटर हे आकारमान धरले तर १६० मिलिग्रॅमच्या गटासाठी १६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असे द्रावण होते आणि १८० ग्रॅमच्या उंदराला १.८ मिलिलिटर जाते. रोज सकाळी ताजे करावे, प्रत्येक उंदरापूर्वी कुपी हलवावी, नाहीतर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. अर्क नीट मिसळत नाही म्हणून डीएमएसओ किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल ही द्रावके घालण्याचा मोह टाळावा. ही द्रावकेच यकृतातले ते एन्झाइम अडवतात ज्याने विष जागे होते. मग संरक्षण द्रावकाचे आणि श्रेय वनस्पतीला.

अॅनिमल हाऊस

नर उंदीर, १५० ते २०० ग्रॅम, एका पिंजऱ्यात तीन, किमान सात दिवस सवयीचे. तापमान २२ अंश, तीन अंशांची सूट. आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत. १२ तास उजेड, १२ तास अंधार. जून ते सप्टेंबर एसी बंद पडला तर दोन तासांत खोली बिघडते, म्हणून रोज दोनदा नोंद आणि जनरेटरची खात्री. पिंजऱ्यात भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुसा वापरावा, ऑटोक्लेव्ह करून, कोरडा. पाइन-देवदाराचा भुसा अजिबात नको. त्यातली तेले यकृतातली एन्झाइमे वाढवतात. तीच गोष्ट डास-झुरळांच्या फवाऱ्याची. प्रयोगाच्या काळात पेस्ट कंट्रोल होणार नाही, हे प्रशासनाकडून लेखी घ्यावे. खाद्याचे पोते उघडल्यावर कुबट वास आला तर फेकून द्यावे.

विष कोणते

*कार्बन टेट्राक्लोराइड.* यकृतातले सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचे ट्रायक्लोरोमिथाइल मुक्तकणात रूपांतर करते, तो पेशीपटलातली चरबी जाळत सुटतो आणि मध्यशिरेभोवतीच्या पेशी मरतात. ऑलिव्ह तेलात समभाग मिसळून किलोला २ मिलिलिटर मिश्रण पोटात टोचायचे, म्हणजे २०० ग्रॅमच्या उंदराला ०.४ मिलिलिटर. सुई उजव्या खालच्या बाजूला, कारण डावीकडे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) असते. धूरकपाटातच काम करावे आणि काचेची सिरिंज घ्यावी. प्लास्टिक आणि रबराचा दट्ट्या यात फुगतो आणि मात्रा चुकते. ओझोन थराला घातक म्हणून हे रसायन मॉन्ट्रियल करारात नियंत्रित आहे, तेव्हा मागणी वेळेआधी नोंदवावी. सगळी मात्रा आंधळेपणाने देण्यापूर्वी किलोला ०.५ आणि १ मिलिलिटर अशा दोन मात्रा थोड्या उंदरांवर पाहाव्यात. इजा फार झाली तर कोणतीच वनस्पती काही करू शकत नाही, फार कमी झाली तर सगळ्याच वनस्पती चांगल्या दिसतात.

*पॅरासिटामॉल.* माणसाच्या आजाराशी याचे नाते जास्त जवळचे आहे. यकृतात त्यापासून तयार होणारे एनएपीक्यूआय हे द्रव्य पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन संपवते आणि मग पेशींच्या प्रथिनांना चिकटते. पण उंदीर याला चिवट असतो, त्याला तोंडावाटे किलोला २ ते ३ ग्रॅम लागतात. माईस (लहान जातीचे उंदीर) रात्रभर उपाशी ठेवून किलोला ३०० मिलिग्रॅम टोचले की पुरते. शक्य असेल तर हे मॉडेल माईसवरच करावे.

*आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन.* मुंबईत क्षयरोगाचे ओझे पाहता हे सर्वांत उपयोगाचे मॉडेल, आणि सर्वांत कमी निवडले जाणारे, कारण ते २८ दिवस चालते आणि एसजीपीटी थोडेच वाढते. दोन्ही औषधे किलोला ५० मिलिग्रॅम द्यावीत, पण एका सिरिंजमध्ये नाही. जठराच्या आम्लात आयसोनियाझिडमुळे रिफॅम्पिसिन लवकर विघटित होते. इथे रक्तातली औषधांची पातळीही मोजायला हवी. अर्काने औषधाचे शोषणच कमी केले तर यकृत वाचेल, पण क्षय बरा होणार नाही.

गट आणि दिनक्रम

टेट्राक्लोराइडसाठी सात गट: सीएमसी व तेल, सीएमसी व विष, सिलिमरिन (तुलनेसाठीचे ज्ञात यकृतरक्षक) किलोला १०० मिलिग्रॅम व विष, अर्काच्या तीन मात्रा व विष, आणि सातवा फक्त अर्क, वरची मात्रा, विषाऐवजी नुसते तेल. हा सातवा गट पैसे वाचवायला गाळला जातो. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वाद बराच गाजला. त्या नोंदीबद्दल कुणाचे मत काहीही असो, ‘ही वनस्पती एकटी यकृताला काय करते’ हा प्रश्न न विचारता पुढे जाणे आता शोभत नाही.

वाटणी वजनाच्या गटांत चिठ्ठ्या टाकून करावी. रोज एकाच वेळी, सकाळी, पण गटांचा क्रम बदलत मात्रा द्यावी. १६ किंवा १८ गेजची गोल टोकाची फीडिंग नीडल वापरावी. सुई अडली तर ढकलू नये; जोर केल्यास अन्ननलिका फाटते किंवा द्रव फुप्फुसात जातो. सात दिवस अर्क, सातव्या दिवशी तासाभराने विष, २४ तासांनी रक्त. रोज वजन, आणि पिंजऱ्यातले खाद्य मोजून. कालमेघासारखा कडू अर्क असेल तर उंदीर कमी खातात आणि उपासाने ग्लुटाथायोन आपोआप घटते.

आता मुख्य सापळा. विषाआधी अर्क दिला आणि इजा कमी झाली, याचे दोन अर्थ निघतात: पेशी सावरल्या, किंवा विष जागेच झाले नाही. अर्काने सीवायपी२ई१ अडवले असेल तर चोर घरात शिरलाच नाही, पहारेकऱ्याचे कौतुक कशाला? दोन्हींत फरक करायला तीन मार्ग आहेत. एक, वेगळ्या तुकडीत आधी विष, सहा तासांनी अर्क. दोन, यकृताच्या मायक्रोसोममध्ये (पेशी कुटून वेगळा केलेला, ही एन्झाइमे असलेला भाग) पॅरा-नायट्रोफिनॉल किंवा अॅनिलिन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे सीवायपी२ई१चे काम, मोजणे. तीन, पॅरासिटामॉल मॉडेलमध्ये अर्ध्या तासाने काही माईसचे यकृत काढून ग्लुटाथायोन पाहणे; अर्काच्या गटातही ते विषाच्या गटाइतकेच कोसळले असेल तरच पुढचे संरक्षण खरे. पॅरासिटामॉल तोंडावाटे दिले असेल तर टॅनिनयुक्त अर्क पोटातच त्याला धरून ठेवतो, म्हणून दोन्हींचे मार्ग वेगळे ठेवावेत.

रक्त

आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली डोळ्यामागच्या शिराजालातून किंवा हृदयातून रक्त घ्यावे. अर्धा तास गोठू द्यावे, ३,००० आरपीएमवर १० मिनिटे फिरवावे. सीरम गुलाबी दिसले तर तो नमुना बाद, कारण तांबड्या पेशींतून एसजीओटी आणि एलडीएच ही एन्झाइमे बाहेर आलेली असतात. एसजीपीटी उणे २० अंशांवर ठेवले तर घटते. त्याच दिवशी मोजावे, नाहीतर ४ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी.

विषाच्या गटात एसजीपीटी हजारांत असते आणि किटची मर्यादा काही शे युनिटांची. सीरम सलाइनने दहापट पातळ न करता मोजले तर अभिक्रियेतले द्रव्य संपून आकडा खोटा कमी येतो. दुसरी तपासणी क्वचितच केली जाते: विष दिलेल्या उंदराच्या सीरममध्ये थोडा अर्क थेट मिसळून पुन्हा मोजावे. आकडा उतरला तर अर्क चाचणीलाच अडवतो आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमवर भर देऊ नये, वाढत्या वयाच्या उंदरात त्याचा मोठा भाग हाडांतून आणि आतड्यातून येतो.

यकृत

काढल्याबरोबर थंड सलाइनने धुऊन, टिपून वजन करावे. प्रत्येक उंदरातून तोच खंड घ्यावा: डावा पार्श्वखंड ऊतिपरीक्षेला, मधला जैवरसायनाला. पाच मिलिमीटरहून जाड नसलेले तुकडे दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाकावेत. जाड तुकडा आतून सडतो आणि ते मरण विषाचे वाटते. उरलेले द्रव नायट्रोजनमध्ये. ग्लुटाथायोनसाठीचा भाग लगेच थंड आम्लात कुटून प्रथिने वेगळी करावीत, डीटीएनबी या अभिकारकाने ४१२ नॅनोमीटरवर मोजावे. एमडीए या, पेशीपटलातली चरबी जळल्याची खूण असलेल्या द्रव्यासाठी थायोबार्बिट्युरिक आम्ल, ५३२ नॅनोमीटर.

काचपट्ट्या वाचणाऱ्याला गट माहीत नसावा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या विकृतितज्ज्ञाकडे नुसते अंक टाकलेल्या पट्ट्या द्याव्यात आणि पेशीमृत्यू, सूज, चरबी यांना ० ते ४ गुण मागावेत. प्रबंधात गटातली सर्वांत देखणी पट्टी छापली जाते. सरासरी गुण असलेली छापावी.

आकडे वाचताना

विषाच्या गटात आकड्यांचा पसारा मोठा असल्याने एसजीपीटीचे लॉगरिदम घेऊन मग अॅनोवा (सर्व गटांची एकत्र तुलना करणारी सांख्यिकी चाचणी), त्यानंतर विषगटाशी तुलनेसाठी डनेटची चाचणी. ऊतिगुणांना क्रुस्कल-वॉलिस चाचणी. एकेका जोडीची टी-चाचणी लावत बसू नये. संरक्षणाची टक्केवारी अशी: विषगट वजा अर्कगट, भागिले विषगट वजा निरोगी गट. निरोगी ५०, विष ८५०, अर्क ४५० असेल तर ५० टक्के. सिलिमरिनने काहीच फरक पडला नसेल तर आधी प्रयोगातच दोष शोधावा, अर्काचे यश साजरे करू नये.

एसजीपीटी उतरले पण पट्टीवर पेशीमृत्यू तसाच, असे दिसले तर पट्टीवर विश्वास ठेवावा. तिन्ही मात्रांत परिणाम सारखाच असेल तर खालची मात्रा आणखी कमी करून पाहावी. वरच्या मात्रेत संरक्षण घटले तर सातव्या गटाचे आकडे पुन्हा उघडावेत. प्रबंध सादर झाल्यावरही पॅराफिनचे ठोकळे, अर्काची एक सीलबंद कुपी आणि प्रत्येक उंदराचा कच्चा आकडा जपून ठेवावा; परीक्षक किंवा नियतकालिकाचा संपादक वर्षभरानेही ते मागू शकतो.